ऑर्गन कधी उतरत नाही

सिराज तांबोळीचा डावा कान दिवाळीच्या सुमारास गेला. एकदम नाही गेला. आधी आत कुणी कापूस कोंबल्यासारखं झालं, मग एक बारीक शिट्टी सुरू झाली. एका सकाळी त्याची बायको रझिया हिनं त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून चहा गार होतोय म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं आणि त्यानं मान वर केली नाही, तेव्हा दोघांनाही कळलं. सिराज सत्तावन्न वर्षांचा होता. उभं आयुष्य त्यानं पुण्यातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये कीबोर्ड वाजवण्यात घालवलं होतं आणि भवानी पेठेतल्या घरी तो शिकवण्याही घेत असे. एका कानावरही माणसाचं भागतं, असं त्यानं बायकोला सांगितलं आणि स्वतःचीही समजूत घातली.

खरी भीती बसली ती फेब्रुवारीत. शिकवणी चालू असताना त्यानं एक पट्टी दाबली आणि उजव्या कानात भलताच सूर आला. थोडा खालचा, लोंबणारा. समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा दाबली, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं. मग काही दिवसांनी परत बिघडलं, परत सुधारलं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की कानाच्या आतल्या नसा निकामी होत चालल्यात. किती वेगानं, ते सांगता येत नाही. वर्षभर टिकतील, कदाचित महिनाभरही नाही. पुढे यंत्र लावावं लागेल, आणि यंत्रानं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येईल.

“आणि सूर?” सिराजनं विचारलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तपासणीचे कागद मिटून ठेवले. “सुराचं मी कबूल करत नाही,” म्हणाला.

रझिया महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, पोरांची खोटी कारणं ऐकण्यात तिचा जन्म गेला होता. घरी येताना रिक्षात ती म्हणाली की विश्वजीतला आजच सांगून टाका. सिराजनं तिच्याकडून शपथ घेतली की कुणालाही सांगायचं नाही. बहिऱ्या वाजवणाऱ्याला कोण बोलावणार, हे एक कारण होतं. दुसरं कारण ऑर्गन होता.

विश्वजीत सिराजचा कॉलेजपासूनचा मित्र. गिटार वाजवायचा आणि त्यांचा वाद्यवृंदही तोच चालवायचा. काही वर्षांपूर्वी कॅम्पातला एक जुना क्लब बंद पडला, तेव्हा तिथल्या अडगळीतून या दोघांनी एक विजेवर चालणारा ऑर्गन उचलून आणला होता. शिसवी रंगाचं लाकडी धूड, दोन मजली पट्ट्या, पायाखाली लाकडी पायपट्ट्या, आणि सोबत माणसाच्या छातीएवढं उंच एक कपाट. त्या कपाटात कर्णा गरगर फिरायचा आणि आवाजाला लाट यायची. क्लबात कधीकाळी त्यावर नाच होत. दोघांनी तो शहराबाहेर मांजरी गावात विश्वजीतच्या सासऱ्यांच्या शेडमध्ये ठेवला आणि रविवार रविवार करत दुरुस्त केला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, आतल्या यंत्राला तेल पोचवणाऱ्या सुकलेल्या वातींना थेंबथेंब तेल पाजलं, कर्ण्याचे पट्टे नवे घातले. मग विश्वजीतनं कार्यक्रम जाहीर केला. जुन्या वाद्यवृंदाची गाणी, जुन्याच ऑर्गनवर. शनिवार पेठेतलं एक नाट्यगृह ठरलं, एप्रिलमधला रविवार ठरला, संध्याकाळी पाचची वेळ.

या ऑर्गनचा एक गुण होता. तो कधी उतरत नसे. गिटारची तार सैल पडते, पेटीचे सूर हवेनं हलतात. याच्या पोटात मात्र एक मोटर होती, आणि तिच्यावर दातेरी पोलादी चकत्यांची रांग फिरत असे. प्रत्येक चकतीचा एक सूर. मोटर विजेच्या ठोक्याला, म्हणजे तिच्या फ्रीक्वेन्सीला, बांधलेली, म्हणून सूरही ठोक्याला बांधलेले. फेब्रुवारीनंतर सिराज त्या गुणाच्याच आधारावर उभा होता. कानात काहीही येवो, बोट योग्य पट्टीवर असेल तर सूर योग्यच आहे, हे त्याला ठाऊक होतं. तालमीत दोनदा कान फिरला, आणि दोन्ही वेळा त्यानं कानाकडे दुर्लक्ष करून बोटांवर भिस्त ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी टेम्पो मांजरीहून निघाला. ऑर्गन उतरवायला सहा हमाल लागले. नाट्यगृहाच्या मागच्या दारातून तो आत येईना, तेव्हा पाय सुटे करून आडवा आणावा लागला. व्यवस्थापक रावसाहेब दारात उभे राहून बघत होते. “गाण्याचा कार्यक्रम आहे, का बिऱ्हाड हलवताय?” त्यांनी विचारलं. उत्तराची त्यांची अपेक्षा नव्हती.

रंगमंचावर मांडामांड सुरू झाली. ऑर्गन डाव्या विंगेजवळ, प्रेक्षकांना सिराजची बोटं दिसतील असा तिरका. फिरत्या कर्ण्याचं कपाट मागे, त्याच्या वरच्या फटींपाशी दोन मायक्रोफोन आणि खालच्या मोठ्या स्पीकरपाशी एक. ऑर्गन आणि कपाटामधली जाड केबल सिराजनं स्वतः जोडली, कारण तिच्या टोकाचा एखादा दात वाकला असता तर सगळंच बंद पडलं असतं. मग त्यानं सुरू करायचा खटका दाबून धरला. आतली मोटर गुरगुरत वेग घेऊ लागली. काही क्षणांनी त्यानं दुसरा खटकाही चढवला, मोटर पकडीत आली आणि त्यानं पहिला सोडून दिला. हे जमलं की ऑर्गन जागा होई, नाही जमलं की परत पहिल्यापासून. त्यानं दोन्ही हातांनी भरघोस सूर धरला आणि पायानं खालचा मंद्र दिला. रिकाम्या नाट्यगृहाच्या खुर्च्या थरथरल्या. कर्णा फिरू लागला, लाट उठली. सिराजच्या कानात सूर अगदी जिथल्या तिथे होता. त्या सकाळी त्याला वाटलं, आजचा दिवस आपला आहे.

गाणारी सुरुची अकराच्या सुमाराला आली. ती अकोल्याची, इथं एका आयटी कंपनीत नोकरीला होती आणि विश्रांतवाडीत राहायची. गळा मोकळा, कान तीक्ष्ण. सिराजला ती सर म्हणायची. तिनं दोन गाणी म्हणून बघितली. विश्वजीतनं गिटार लावली, ढोलवाल्यानं आपली जागा घेतली. सगळं जुळून आलं. जेवायला जायच्या बेतात असताना दिवे गेले.

बाहेर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती. कधी जोडली जाईल, कुणी सांगेना. रावसाहेबांनी जनरेटर सुरू करायला सांगितला. नाट्यगृहामागच्या पत्र्याच्या खोलीत तो जुना जनरेटर होता आणि माऊली नावाचा माणूस तो सांभाळायचा. धूर सुटला, दिवे आले, एसीही घरघरायला लागले.

सिराजनं पुन्हा ऑर्गन सुरू केला. मोटरनं पकड घ्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. बाकीचे जेवायला निघाले होते, विश्वजीत तेवढा विंगेत गिटार घेऊन बसला होता. सिराजनं सूर धरला.

तो खाली होता. जवळजवळ अर्ध्या सुरानं खाली. त्यानं बोटांकडे बघितलं. बोटं योग्य पट्ट्यांवर होती. त्यानं वरचे सूर वाजवले, खालचे वाजवले, सगळेच उतरलेले. आजवर कान फिरायचा तेव्हा काही सूर फिरायचे आणि काही जागेवर राहायचे. आज एकही जागेवर नव्हता. आणि ऑर्गन तर उतरत नाही. त्यानं सावकाश हात उचलले, कुणाला काही जाणवू नये म्हणून झाकण नीट बंद केलं, आणि तो मेकअपच्या खोलीत जाऊन आरशाकडे पाठ करून बसला.

रझिया डबा घेऊन आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. त्यानं तिला उजव्या बाजूला बसायला सांगितलं.

“उजवाही गेला,” तो म्हणाला. “आत्ता. पूर्ण.”

रझियानं डबा खाली ठेवला. मी काय बोलतेय ते ऐकू येतंय का, असं तिनं विचारलं. बोलणं येत होतं. सूर गेला होता. तो इतक्या शांतपणे बोलत होता की तिला त्याचीच भीती वाटली. तो म्हणाला की आता विश्वजीतला जाऊन सांग, मला ताप आलाय म्हण, काहीही म्हण, कार्यक्रम रद्द कर. ती उठली नाही. खोटं मी सांगणार नाही, आणि खरं तुम्हीच सांगायचं, असं ती म्हणाली. मग त्याचा शांतपणा मोडला. त्यानं दोन्ही हातांनी कान दाबून धरले आणि तो रडायला लागला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला असं रडताना एकदाच पाहिलं होतं, त्याची आई गेली तेव्हा.

तेवढ्यात दार वाजलं. सुरुची होती. तिनं आतलं दृश्य पाहिलं आणि ती परत फिरायला लागली. रझियानंच तिला काय काम आहे म्हणून विचारलं.

“काही नाही, नंतर येते,” ती चाचरत म्हणाली. “सर मघाशी वाजवत होते तेव्हा मी बाहेर होते. ऑर्गन खाली वाटला मला. विश्वजीतसर गिटार परत परत लावताहेत, त्यांना वाटतंय आपलीच चढली.”

सिराजनं कानावरचे हात काढले. “परत बोल,” तो म्हणाला.

“ऑर्गन उतरलाय, सर. अर्ध्या सुराला थोडा कमी.”

“तुला? तुलाही उतरलेला ऐकू आला?”

तिनं मान डोलावली. सिराज उठून तिच्यापाशी गेला, तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि ओल्या चेहऱ्यानं हसायला लागला. सुरुचीला काही उमजेना. रझिया मात्र भिंतीला टेकून खालीच बसली.

सुरुची विश्वजीतला बोलावून घेऊन आली आणि मग सगळंच बाहेर आलं. लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. सिराजनं डाव्या कानापासून सुरुवात केली आणि डॉक्टरांच्या शब्दांपर्यंत सांगून टाकलं. विश्वजीत उभ्यानंच ऐकत होता. त्याचा चेहरा आधी पडला, मग ताठ झाला. त्यानं एकच विचारलं, की रविवारी मांजरीला आपण दोघंच असायचो, तेव्हाही नाही सांगावंसं वाटलं?

विश्वजीतचं म्हणणं पडलं की कार्यक्रम पुढे ढकलायचा. जनरेटरची वीज ढिली आहे, तिचा ठोका मंद पडतो, म्हणून ऑर्गन उतरतो. भार बदलला की आणखी हलणार. असल्या विजेवर गाणं होणार नाही. लोकांची माफी मागू आणि पुढच्या महिन्यात चांगली वीज बघून करू. त्याचं बोलणं शहाणपणाचंच होतं.

“पुढच्या महिन्यात मला ऐकू येणार नाही, विशू,” सिराज म्हणाला.

विश्वजीतनं खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि दारातून बाहेर जाताजाता म्हणाला, “चल मग. त्या जनरेटरवाल्याला गाठू.”

पत्र्याच्या खोलीत इतका आवाज होता की सिराजला ना माऊलीचं ऐकू येत होतं, ना विश्वजीतचं. त्यानं हातवारे करून सांगितलं की वेग वाढवा. माऊलीनं एक स्क्रू फिरवला, यंत्र चढ्या आवाजात गुरगुरलं. रंगमंचावर सुरुची फोनमधलं सूर दाखवणारं अॅप उघडून ऑर्गनपाशी बसली होती. एक पट्टी दाबून धरायची आणि फोनवर विश्वजीतला सांगायचं, वर, खाली, अजून वर. सूर जागेवर आला. सिराज परतला तोवर एसी बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि सूर घसरगुंडीवरून घसरावा तसा खाली गेला. मग कुणीतरी वरचे दिवे बंद केले, तो चढला. पुन्हा माऊली, पुन्हा स्क्रू. दोन वाजून गेले, तीन वाजले. रझिया तिघांना उभ्याउभ्याच पोळीभाजीचे घास देत फिरत होती.

“साहेब, मशीन जुनं हाय,” माऊली शेवटी म्हणाला. “भार हलला की त्ये हलनारच.”

सिराज रंगमंचाच्या कडेवर बसला होता. अचानक त्याला सुचलं की आपण चुकीच्या गोष्टीमागे लागलोय. सूर बरोबर असायची गरज नाही, स्थिर असायची आहे. खाली तर खाली. गिटार खाली लावता येते, गळाही खाली येतो. जनरेटरवरचा भार एकदा ठरवायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. एसी बंद. दिवे जे लावले तेच. पंखे नकोत.

रावसाहेबांनी ते ऐकून घेतलं. एप्रिलमध्ये एसीशिवाय लोकांना कोंडून घालायला हा तुरुंग नाही, नाट्यगृह आहे, असं ते म्हणाले. विश्वजीत वाद घालायला लागला. सिराजनं त्याला थांबवलं आणि रावसाहेबांना बाजूला नेऊन आपल्या कानाचं सांगितलं. दिवसभरात तो हे दुसऱ्यांदा सांगत होता आणि त्याला कळलं की सांगणं या वेळी थोडं सोपं जातंय. थोड्या वेळानं एसीची घरघर थांबली, आणि बाजूचे सगळे दरवाजे ते स्वतः उघडताना दिसले.

तिसऱ्या घंटेआधी सुरुचीनं सिराजला विचारलं की मध्येच सूर हलला तर काय करायचं. तुम्हाला कसं कळणार, ते यंत्र आहे की कान? सिराज म्हणाला की तूच माझा कान. मग दोघांनी ठरवलं. मशीन उतरलं तर सुरुचीनं डावा हात खाली न्यायचा. सिराजनं तिच्याकडे पाहिलं आणि तिनं काहीच केलं नाही, तर मशीन ठीक आहे.

“म्हणजे मग…” सुरुची म्हणाली.

“म्हणजे कान,” सिराज म्हणाला.

पडदा उघडला तेव्हा नाट्यगृह बहुतेक भरलेलं होतं. विश्वजीतनं प्रेक्षकांना विजेचं सांगितलं आणि गरमीबद्दल माफी मागितली. तिकिटावर स्टीम बाथ लिहिलं नव्हतं, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. कार्यक्रमपत्रिकेचे पंखे हलायला लागले. ऑर्गन आपल्या खालच्या पट्टीत सुरू झाला, गिटार त्याच्याशी लावलेली, सुरुची त्याच्यात मिसळली. पहिलं गाणं, दुसरं गाणं. सिराजला घाम डोळ्यांत येत होता तरी त्याची नजर तिच्या डाव्या हातावरून हलत नव्हती.

तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात सूर खचला. मागून कुणीतरी टाकीचा पंप सुरू केला होता, हे नंतर कळलं. त्या क्षणी सिराजला एवढंच ऐकू आलं की पायाखालची जमीन सरकावी तसा सगळा सूर खाली चाललाय. त्यानं सुरुचीकडे पाहिलं. तिचा हात खाली गेला. विश्वजीतनं तारांवर तळवा ठेवून गिटार बंद केली. ढोलवालाही थांबला. उरले फक्त ऑर्गन आणि गळा. सुरुचीनं डोळे मिटले आणि ती ऑर्गनच्या मागोमाग खाली उतरली, जिना उतरावा तशी, एक एक स्वर चाचपत. सिराजनं चाल संथ केली, बोटं पट्ट्यांवर दाबून धरली आणि तिला वाट दिली. ती त्याच्याबरोबर जात राहिली. पुढे पंप बंद झाला, सूर वर चढायला लागला, आणि तीही चढली. कागदी पंखे हलायचे थांबले होते.

मध्यंतरात वीज आली. रावसाहेब स्वतः मेकअपच्या खोलीत सांगायला आले. लोक एसीखाली जाऊन उभे राहिले. विश्वजीतनं गिटार पुन्हा वर लावली, फोनमध्ये बघून, नेमकी. सिराजनं ऑर्गन बंद करून पुन्हा चालू केला. मोटरनं झटक्यात पकड घेतली. पडद्याआड त्यानं सूर धरला.

तो खाली होता. या वेळी सगळा नाही. मधले स्वर जागेवर होते. वरचे लोंबत होते आणि एकमेकांवर घासत होते. त्यानं सुरुचीकडे पाहिलं.

ती फोन हातात धरून उभी होती. तिचा डावा हात हलला नाही.

सिराजनं पुन्हा सूर धरला आणि पुन्हा पाहिलं. सुरुचीचे डोळे भरून आले होते, पण हात तिनं तसाच ठेवला, कारण ते दोघांचं ठरलं होतं. सिराजनं मान हलवली, समजलं अशी.

आठ गाणी बाकी होती आणि शेवटी ऑर्गनची एकट्याची धून. विश्वजीत विंगेतून हे बघत होता. दुपारपासून तो सिराजशी कामापुरतंच बोलला होता. आता तो आपलं स्टूल उचलून ऑर्गनच्या उजव्या बाजूला घेऊन आला, अगदी खेटून, आणि तिथेच बसला.

“वाजव तू,” तो सिराजच्या उजव्या कानापाशी म्हणाला. “चुकलास तर मी सांगीन.”

“कसं सांगशील?”

“लाथ घालीन.”

सिराज हसला, आणि पडदा उघडला.

तो उत्तरार्ध लोकांना फार आवडला. ऑर्गन पूर्ण विजेवर झळाळत होता, कर्णा वेगात फिरत होता. सिराजच्या कानात मात्र ते सगळं वाकडं पडत होतं. सुरुचीचा ओळखीचा गळा त्याला कुणा परक्या बाईचा वाटत होता. सम कुठे आहे ते त्याला विश्वजीतच्या पायावरून कळत होतं आणि सूर कुठे आहे ते बोटांवरून. शेवटच्या धुनेत तो एकटाच होता. चांगली दहा मिनिटं त्यानं वाजवलं. त्यातला एकही वरचा स्वर त्याला खरा ऐकू आला नाही, आणि त्यातला एकही चुकला नाही. विश्वजीतनं लाथ घातली नाही. तो खाली मान घालून बसला होता, आणि त्याच्या चष्म्याखालून पाणी गिटारवर ठिबकत होतं.

लोक उभे राहिले. टाळ्यांना सूर नसतो; त्या सिराजला नीट ऐकू आल्या.

त्यानंतर तो कार्यक्रमात वाजवायला बसला नाही. गणपतीपर्यंत उजवा कानही बराचसा गेला. यंत्र लागलं. यंत्रानं बोलणं येतं, डबा वाजल्यासारखं, आणि गर्दीत तेही येत नाही, म्हणून तो ओठ वाचायला शिकला. रझियानं त्याला शिकवलं, मराठीचे धडे मोठ्यानं वाचून दाखवत. पहिले काही महिने फार वाईट गेले. तो गच्चीवर जाऊन बसायचा आणि रझिया मागोमाग जायची. तिनं त्या दिवसांत शाळेतून रजा घेतली होती, ती का घेतली हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

ऑर्गन सुरुचीकडे गेला. विश्रांतवाडीत तिचं घर तळमजल्यावर आहे, म्हणून तो आत जाऊ शकला. सिराज तिला शिकवायला जातो. तिची बोटं बघतो, डावा हात घाई करत असेल तर सांगतो, आणि वातींना तेल घालतो. तिनं एकदा त्याला वाजवायचा आग्रह केला. तो नको म्हणाला आणि तिनं परत केला नाही.

विश्वजीतही कधीकधी तिथे येतो. आला की त्याचं ठरलेलं सुरू होतं: फेब्रुवारीतच सांगायला हवं होतंस, मी काय तुला सोडून दुसरा वाजवणारा शोधला असता? तो हे सिराजच्या समोर उभं राहून, ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणतो. सिराज पहिले दोन शब्द वाचतो आणि खिडकीबाहेर बघायला लागतो.